शब्द टाकण्याची वर्गणी

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाचा घरी आला. अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजायला टाकली होती. त्याचं लक्ष वांग्यांकडे नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याने घरांच्या छतावर सोलर बसवायचा धंदा सुरू केलाय. म्हणाला, "मामा, एका बिझनेस ग्रुपने बोलावलंय. दर आठवड्याला सकाळी सात वाजता हॉटेलात सभा असते. एका धंद्याचा एकच माणूस घेतात. सोलरची जागा रिकामी आहे, पण या महिन्यात भरली नाही तर दुसरा कोणी येऊन बसेल म्हणतात. फी भरू का?"

हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी विचारला आहे. गोलाणी मार्केटमधला संगणकवाला, धुळ्याचा इंटिरियर करणारा, चाळीसगावचा केटरर. मी जळगाव एमआयडीसीत खोक्यांचा छोटा कारखाना चालवतो आणि अशा एका गटाचा वर्षभर सदस्य होतो, म्हणून विचारतात. तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहतं, म्हणून इथे नीट लिहितो.

पैसे देऊन ओळखी वाढवण्यात मला काहीही गैर वाटत नाही. आपल्याकडे ते पूर्वापार चालत आलेलं आहे. पण खान्देशात या फीचा उपयोग ज्यांना सगळ्यात जास्त झाला असता, ते त्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत. जे पोहोचतात त्यांतल्या पुष्कळांना तिची गरज नसते. ज्याला फी भरायची आहे त्याने भरण्याआधी आपण या दोघांतले कोण, हे स्वतःला विचारावं.

या पद्धतीचं मूळ जुनं आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी सुरू केली, तेव्हाही एका व्यवसायाचा एकच सदस्य हे तत्त्व होतं आणि पहिल्या काही वर्षांत सदस्य एकमेकांना कामं देत. पुढे तो भाग मागे पडला आणि सेवा पुढे आली. १९८५ मध्ये आयव्हन मायझनर यांनी कॅलिफोर्नियात बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) सुरू केलं, तेव्हा कामाची देवाणघेवाण हाच उघड हेतू ठेवला. दर आठवड्याची सभा, हजेरीचा कडक नियम, प्रत्येकाला मिनिटभर बोलायची संधी आणि कोणी कोणाला किती कामं दिली याची लेखी नोंद. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब उभा केला. याच धर्तीचे लहानमोठे गट आता जिल्ह्याच्या गावांतही भरतात. त्यात कुठे लपवाछपवी नाही. फी काय, नियम काय, हे आधी सांगतात.

आपल्याकडे हेच काम आडत्या करतो. शेतकऱ्याचा माल, बाहेरचा खरेदीदार, दोघांची एकमेकांशी ओळख नाही. आडत्या मधे उभा राहतो आणि सौदा झाला की आडत घेतो. सौदा झाला नाही तर त्याला काही मिळत नाही. ही आडत कोणी द्यायची यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. वाद होता तो कोणी द्यायची आणि किती द्यायची याचा. ओळख करून देण्याला मोल आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. नव्या गटांत फरक इतकाच की मोल आधी द्यायचं, सौदे नंतर होतील न होतील. आगाऊ पैसे मागणाऱ्या आडत्याला आपण जे प्रश्न विचारले असते, ते इथेही विचारायला हवेत.

दुसरा फरक जास्त खोल आहे. केळीचे पैसे बुडवून व्यापारी पसार झाल्याच्या बातम्या रावेर-यावलकडे अधूनमधून येतात. अशा वेळी शेतकरी त्या व्यापाऱ्याला कुठे शोधणार? तो सरळ ज्या माणसाने व्यापारी शेतात आणला त्याच्या दारात जातो. "तुझ्या शब्दावर माल दिला" एवढंच म्हणतो. शब्द टाकणं म्हणजे आपल्याकडे निम्मं जामीन राहणं. जिल्ह्यातल्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा आपण हे फार महाग शिकलो. किती घरांतल्या ठेवी कोणा ना कोणा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर ठेवलेल्या होत्या. ज्याने शब्द टाकला त्याच्याशी आजही काही घरांत बोलणं नाही.

मी हा शब्द एकदा स्वस्तात खर्च केला. गटात दर आठवड्याला कोणाला तरी काहीतरी काम सुचवायचं असे. कोणाची किती रेफरलं झाली याचा तक्ता सगळ्यांसमोर दाखवत. माझ्या नावापुढे तीन आठवडे शून्य होतं. कोणी वाईट बोललं नाही, पण शून्याकडे सगळे पाहतात हे कळतं. त्याच आठवड्यात सावद्याच्या एका केळी निर्यातदाराने, माझ्या बारा वर्षांच्या गिऱ्हाइकाने, सहज विचारलं की पॅकहाऊसच्या फरशीचं काम कोण चांगलं करतो. मी गटातल्या एकाचं नाव दिलं. त्याचं काम मी कधी पाहिलेलं नव्हतं. रविवारी नाश्त्याला त्याच्याशी गप्पा झाल्या होत्या, तेवढीच ओळख. फरशी दोन महिन्यांत उखडली आणि केळी धुवायचं पाणी मधेच साचायला लागलं. निर्यातदाराने मला एक शब्दही सुनावला नाही. पुढच्या हंगामात खोक्यांची निम्मी ऑर्डर दुसरीकडे गेली. फरशीवाल्याचा मला राग नाही, त्याने जमेल तसं काम केलं. चूक माझी होती. मला माझ्या नावापुढचं शून्य पुसायचं होतं.

म्हणून आठवड्याला रेफरलची अपेक्षा ठेवण्याच्या पद्धतीला माझा मनापासून विरोध आहे. एखादा माणूस आठवड्यातून एकदा खरोखर चांगलं नाव सुचवू शकत असेल तर त्याच्याइतकं भाग्य कोणाचं? पण बहुतेकांना वर्षाकाठी पाचसहा खात्रीची नावं सुचवता येतात. उरलेली नावं तक्ता भरायला दिलेली असतात.

आता हिशेब. गट सांगतो की आपल्या सदस्यांनी वर्षात इतक्या लाखांचा धंदा एकमेकांना दिला. तो आकडा उलाढालीचा असतो. फी मात्र खिशातून जाते, म्हणजे नफ्यातून. समजा प्रवेश फी, वार्षिक फी, त्यावरचा जीएसटी आणि वर्षभराच्या नाश्त्यांचे पैसे मिळून पन्नास हजार होतात. (गटागटाप्रमाणे हे कमीजास्त असतं. आपल्याला सांगितलेला आकडा इथे घालावा.) इंटिरियरवाल्याला कामात पंचवीस टक्के सुटत असतील तर दोन लाखांचं एक काम आलं की पैसे वसूल. हार्डवेअरच्या दुकानदाराला पाच टक्के सुटतात, त्याला दहा लाखांची नवी विक्री हवी. दाणा बाजारात दोन टक्क्यांवर धान्य फिरवणाऱ्याला पंचवीस लाखांची. तोही आकडा होईल, अशक्य नाही. पण दाळ मिलवाल्याचा माल ज्यांना लागतो ते इंदूर-सुरतेकडचे व्यापारी जळगावच्या हॉटेलात इडली खायला येत नाहीत.

हिशेबात "नवी" हा शब्द धरून ठेवायला हवा. आपल्या दुकानात तसंही आलंच असतं ते गिऱ्हाईक गटाच्या खात्यावर लिहू नये. जळगाव काय, धुळं काय, एवढं मोठं गाव नाही. फुले मार्केटमध्ये तासभर उभं राहिलं तर निम्मे ओळखीचे भेटतात. गटातल्या फोटोग्राफरने माझ्याकडून अल्बमची खोकी घेतली, तेव्हा मी ती नवी ऑर्डर म्हणून सांगितली. खरं तर त्याचे वडील माझ्या वडिलांकडून घेत.

वेळेचा हिशेब लोक करतच नाहीत. दोन तासांची सभा, जाणं-येणं धरून तीन. वर्षाच्या बावन्न सभांचे १५६ तास. शिवाय सदस्यांनी एकमेकांना स्वतंत्र भेटायचं असतं, त्याचा आठवड्याला एक तास धरला तर एकूण २०८ तास. आठ तासांचा दिवस धरला तर सव्वीस दिवस, म्हणजे रविवार वगळून कामाचा अख्खा महिना. ज्याच्या दुकानात दोन माणसं आहेत त्याला तो परवडतो. जो स्वतःच शटर उघडतो, स्वतःच बिल फाडतो आणि स्वतःच वसुलीला जातो, त्याने महिनाभर दुकान बंद ठेवण्याआधी जेवढा विचार केला असता तेवढा इथे करावा.

जीएसटीची एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहून ठेवतो. फीवरचा १८ टक्के कर कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) दुकानदाराला परत मिळत नाही. नियमित नोंदणी असलेल्यानेही तो मिळेल असं गृहीत धरू नये, कारण क्लबच्या सदस्यत्वावरचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर वळता करून घेणं, कायद्याने अडवलेलं आहे आणि आपला गट त्यात मोडतो की नाही हे आपल्या सीएला विचारावं. सीएंनी मात्र स्वतः सामील होण्याआधी आपलाच कायदा काढून वाचावा. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मार्गाने काम मागायला मनाई आहे. वकिलांना बार कौन्सिलचे तसेच नियम आहेत. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं-देणं डॉक्टरांना २००२ च्या नियमावलीने बंद केलेलं आहे.

पण वर्षभरात मला एक फायदा झाला, तो लपवणार नाही. एका टॅक्सी-ट्रॅव्हल्सवाल्याशी ओळख झाली. माझ्या धंद्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या गाडीतून विमानतळावर जाणाऱ्या एका पाहुण्याने खोक्यांची चौकशी केली, त्याने माझा नंबर दिला, आणि आज तो पाहुणा माझ्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की कामाची नवी बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. माझ्या अनुभवाने ते पटलं. फक्त प्रश्न असा की खान्देशात अशा तोंडओळखी कोणाकडे कमी आहेत?

इथला धंदा ओळखीवर चालतो आणि ओळख बहुतेक वेळा जन्माने मिळते. लग्नाच्या पंगतीत, समाजाच्या मेळाव्यात, सोयऱ्यांच्या ओसरीवर ऑर्डरी ठरतात. कोणाचा मामा बाजार समितीत, कोणाचा साडू बँकेत. ज्याच्या तीन पिढ्या नवीपेठेत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गेल्या, त्याला तीस जणांचं टेबल फी भरून कशाला हवं? पण तळोद्याचा आदिवासी मुलगा आयटीआय करून मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकतो, त्याच्या घरात याआधी कोणी दुकान पाहिलेलं नाही. त्याच्या समाजाच्या मेळाव्यात ऑर्डर देणारे बसलेले नसतात. एका धंद्याचा एकच माणूस, जात न विचारता, कामावरून जागा, हा नियम खरं तर त्याच्यासाठी सोन्यासारखा आहे. मी या गटांचा सगळ्यात जास्त आदर याच कारणासाठी करतो. आमच्या टेबलाभोवती असे लोक शेजारी बसून एकमेकांचं काम समजून घेत होते, जे एरवी एकमेकांच्या घरी पाणीही प्यायला गेले नसते. पण पन्नास हजार तो मुलगा कुठून आणणार? त्या पैशांत त्याला एक दुसऱ्या हाताचं मशीन येतं.

बायकांचंही तसंच. फैजपूरकडच्या एक ताई माझ्याकडून केळी वेफर्सची खोकी नेतात. बचत गटातून सुरुवात केली, आता स्वतःचा ब्रँड आहे, माल पुण्यापर्यंत जातो. त्यांना आमच्या सभेला पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्या एकदा आल्या. पहाटे उठून घरच्यांचे डबे करून, पहिली बस पकडून. त्यांनी मिनिटभरात जे सांगितलं ते ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा त्या आल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "दादा, सात वाजता आमच्याकडे नळाला पाणी येतं, तेही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ते सोडून येऊ का?" सभेची वेळ ज्याने सकाळी सातची ठरवली त्याच्या मनात कोणाला वगळायचं नव्हतं. वेळेनेच वगळलं.

भाच्याला मी हो-नाही काही सांगितलं नाही. वही घेऊन बसलो. म्हटलं, आजवर बसवलेली शेवटची वीस घरं लिही आणि प्रत्येक घरापुढे ते काम कोणी आणून दिलं त्याचं नाव. अकरा घरांपुढे पिंप्राळ्याच्या एकाच वायरमनचं नाव आलं. चार घरं बँकेतल्या एका कर्ज अधिकाऱ्याने सुचवलेली. दोन घरं पाहुण्यांची. तीन जणांनी शेजाऱ्याचं छत पाहून स्वतःहून फोन केलेला. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे लोक विचारायला तयार आहेत. पण ते विचारतात कोणाला? मीटर पाहायला आलेल्या वायरमनला, कर्ज देणाऱ्या बँकेला, घर बांधणाऱ्या गवंड्याला.

मग त्याने गटाची सदस्ययादी काढली. वायरमन त्यात नाही, असणारही नाही. गवंडी नाही. पण दोन बिल्डर आहेत, एक आर्किटेक्ट आहे, आणि त्यांच्यापर्यंत याची पोहोच आजवर झालेली नाही. एका घरामागे त्याला पंधरा हजार सुटतात असं तो म्हणाला, म्हणजे फी निघायला चार नवी घरं लागतील. बिल्डरची एक सोसायटी मिळाली तर ती एका फटक्यात निघेल. तेव्हा त्याच्या बाबतीत फी भरणं वेडेपणा नाही. मी फक्त एवढं सुचवलं की "जागा जाईल" या भीतीने सही करू नकोस, दोन-तीन सभा पाहुणा म्हणून बस. गेल्या वर्षी गट सोडून गेलेल्या तिघांचे नंबर मिळव आणि त्यांना फोन कर. गटातले लोक चांगलंच सांगतील, सोडून गेलेले कारण सांगतील. पहिल्या वर्षानंतर किती जणांनी पुन्हा फी भरली हेही विचार. हे सांगायला कोणी टाळाटाळ केली तर तेच उत्तर समज. आणि भरायचीच असेल तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशेब करायचा, हे आजच ठरव. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला ठरतं, पुढे ठेवायचं की नाही हेही तेव्हाच पाहतात. तोवर कपाशीचा पैसा येऊन गेलेला असतो, लग्नसराईही उरकत आलेली असते, आणि कोणत्या महिन्यातला धंदा हंगामाचा होता आणि कोणता गटाचा, हे वेगळं काढता येतं.

वायरमनचा विषय निघाला तेव्हा मी विचारलं, अकरा कामं आणून दिली त्याला तू काय दिलंस? तो म्हणाला, चहा. मग तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्याला जाऊन आला. आता प्रत्येक कामाचं वायरिंग तो त्याच वायरमनला देतो, ठरलेल्या दराने. गटाचं अजून ठरलेलं नाही. दोन सभा बघून झाल्या आहेत.

माझ्या मनात दुसरीच गोष्ट घोळते आहे. ओळखीचं टेबल ही रस्ता, पाणी, वीज यांच्यासारखी धंद्याची गरज असेल, तर ती पुरवण्याचं काम खासगी गटांवर का सोडावं? महाराष्ट्र चेंबर ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना १९२७ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि पुण्याचं मराठा चेंबर १९३४ मध्ये उभं राहिलं, ते छोट्यामोठ्या उद्योगांनी एकत्र यावं म्हणूनच. आपल्याकडे औद्योगिक वसाहतींच्या संघटना आहेत, व्यापारी महामंडळं आहेत, बाजार समित्यांची सभागृहं आहेत. त्यांच्या बैठका होतात त्या करांच्या, रस्त्यांच्या, वीजदराच्या तक्रारींवर. तेही हवंच. पण तळोद्याच्या मुलाला आणि बांधकाम करणाऱ्याला एका टेबलाशी बसवणं कोणाच्या विषयपत्रिकेवर नसतं.

आमच्या वसाहतीतल्या उद्योजकांच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. महिन्यातून एक दिवस दुपारी तीन वाजता जमायचं, कारण तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि घरचं पाणी भरून झालेलं असतं. फी शंभर रुपये, चहासकट. एका धंद्याचा एकच हा नियम नको, कारण गावात तीन वायरमन असले तर तिघांनाही यायचा हक्क आहे. रेफरलचा तक्ता नको. त्याऐवजी ज्याचं नाव सुचवायचं त्याचं झालेलं एक काम स्वतः जाऊन पाहायचं आणि कुठे पाहिलं ते उभं राहून सांगायचं. सावद्याच्या त्या निर्यातदारालाही मी बोलावणार आहे. त्यांची फरशी मी मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या माणसाकडून करून दिली, स्वतः तिथे उभा राहून.